नागपुरात खाऱ्या पाण्याचा रीफ टँक: फिल्टर कोणता, आणि कोणत्या क्रमाने घ्यायचा

‘भाऊ, हा कॅनिस्टर लावा, बाकी काही बघायची गरजच नाही.’ मत्स्यालयाच्या दुकानात फिल्टरचा विषय काढला की पहिलं वाक्य बहुतेक हेच असतं. कॅनिस्टर म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर. गोल्डफिशच्या टाकीसाठी ते बऱ्यापैकी खरंही आहे. प्रवाळांच्या टाकीला, म्हणजे रीफ टँकला, मात्र एका डब्यावर भागत नाही. तिथे कामं निरनिराळी असतात: तरंगणारा कचरा पकडणं, अमोनिया पचवणं, साठत जाणारं नायट्रेट आणि फॉस्फेट बाहेर काढणं, पाण्यातली विषं आणि पिवळेपणा शोषून घेणं, आणि पाण्यात सतत हवा मिसळत ठेवणं. या शेवटच्या कामाकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात टाकी वाचते किंवा जाते ती मुख्यतः त्यावर.

परदेशातले व्हिडिओ पाहून यादी करायला बसलात तर रोलर मॅट, बायोपेलेट रिअ‍ॅक्टर, यूव्ही, ओझोन असं सगळं त्यात येतं. त्या घरांत मे महिन्यात ४५ अंश नसतात, वादळी पावसात चार-चार तास वीज जात नाही, आणि नळाच्या पाण्याची तऱ्हाही वेगळी असते. म्हणून खालचा क्रम इथल्या हवेला, विजेला आणि पाण्याला धरून लावला आहे. उदाहरणासाठी ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी घेऊ. काठोकाठ भरली तर ती १९० लिटरची होते. दगडांनी अडवलेली जागा वजा करून खालच्या संपमधलं (स्टँडमधल्या दुसऱ्या टाकीतलं) पाणी मिळवलं की हिशोबाला २०० लिटर धरायला हरकत नाही. स्टँड, काच, दगड आणि पाणी मिळून वजन ३०० किलोच्या आसपास जातं. तेव्हा जागा भिंतीलगत, शक्यतो बीमवर.

पायरी १ : काय पाळायचं ते आधी, कारण त्यात कायदा आहे

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे घातले गेले. समुद्रघोडेही त्याच अनुसूचीत आहेत. म्हणजे आपल्या समुद्रातून काढलेला अ‍ॅक्रोपोरा, हॅमर किंवा ब्रेन कोरल घरात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि त्यांचे सांगाडेही त्यातून सुटत नाहीत. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा बराचसा दगड हा असा सांगाडाच असतो. विकणारा ‘सगळेच ठेवतात’ म्हणेल; त्याच्या भरवशावर राहू नका. परदेशातून आयात केलेल्या जिवांचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलत असतात. ते वन विभागाकडून विचारून घ्या आणि प्रत्येक खरेदीची पावती जपून ठेवा.

फिल्टरच्या लेखात कायदा येतो, कारण त्याने फिल्टरची निवडच बदलते. झोअँथिड, मश्रूम, लेदर कोरल, झेनिया हे मऊ शरीराचे जीव त्या यादीत नाहीत, आणि यातल्या बहुतेकांना काचेसारखं निर्जंतुक, उपाशी पाणी नकोच असतं. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम असेल तर ते आनंदात राहतात. नायट्रेट जवळपास शून्यावर आणण्याच्या महागड्या यंत्रणा ज्या दगडी प्रवाळांसाठी तयार झाल्या, ते तुमच्या टाकीत नसतील तर निम्मी खरेदी इथेच वाचते.

पायरी २ : पाणी, जे टाकीत जायच्या आधीच गाळायचं असतं

नागपूरला पाणी येतं ते पेंच प्रकल्प आणि कन्हान नदीतून. प्यायला ते ठीक. रीफ टँकला त्यातला क्लोरीन, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि जुन्या पितळी नळांतून उतरणारं तांबं चालत नाही. तांब्याचा अंश माशांना सोसतो, कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळांना सोसत नाही. बोअरवेलचं पाणी तर विचारातच घेऊ नका.

हा मुद्दा मुंबई-पुण्याहून इथे जास्त महत्त्वाचा, कारण आपली हवा कोरडी. एप्रिल-मे महिन्यांत टाकीवर पंखा लावला की २०० लिटरच्या टाकीतून दिवसाला ५ लिटर पाणी सहज उडतं. वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, क्षार मागे राहतात. ती तूट तुम्ही ३०० टीडीएसच्या (लिटरला ३०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असलेल्या) नळाच्या पाण्याने भरत राहिलात तर ६० दिवसांत ३०० लिटर पाणी ओतलं जाईल, आणि त्याबरोबर ९० ग्रॅम नको असलेले क्षार टाकीत जमा होतील. असल्या टाकीत शेवाळ हटत नाही म्हणून लोक फॉस्फेट रिमूव्हर विकत घेतात. रोग बादलीत असतो आणि औषध फिल्टरला दिलं जातं.

म्हणून पहिला खर्च आरओ-डीआयवर, म्हणजे मेंब्रेनने गाळून उरलेले क्षार रेझिनने काढणाऱ्या यंत्रावर. गाळ अडवणारं कार्ट्रिज, कार्बन, मेंब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन, हा क्रम. बाहेर पडणारं पाणी मीटरवर ० टीडीएस दाखवायला हवं. घरच्या स्वयंपाकघरातला आरओ वापरायचा असेल तर त्याची पोटातली रचना बघून घ्या. त्यात बहुधा ‘टीडीएस कंट्रोलर’ असतो, म्हणजे चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळणारा छोटा नॉब. त्यापुढे मिनरल कार्ट्रिजही असतं. मेंब्रेनमधून निघणारं पाणी या दोघांच्या आधीच वेगळं काढा आणि त्यापुढे डीआय जोडा. थंड पाण्याचे जे २० लिटरचे जार घरोघरी येतात, ते डीआय नसतात. जारवाल्यावर टाकी चालवू नका.

एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर टाकाऊ निघतं. ते फरशी पुसायला, अंगण धुवायला वापरा. कूलरमध्ये घालू नका, ताट्यांवर पांढरा क्षार लवकर चढतो.

मीठ तयार करताना रीफसाठीचंच मिश्रण, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. खडेमिठाने पाणी खारट होतं पण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीची मूलद्रव्यं समुद्राच्या प्रमाणात नसतात. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या तयार द्रावणाने जुळवून घ्या. मिठाचं पाकीट पावसाळ्यात उघडं राहिलं की दगड होतं, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात. आणि ‘मुंबईहून समुद्राचं पाणीच आणू’ ही सूचना तुम्हाला कोणीतरी करेलच. समृद्धी महामार्गाने गेलात तरी ते ७०१ किलोमीटरचं प्रकरण आहे, आणि महानगराच्या किनाऱ्यावरचं पाणी फुकट मिळालं तरी टाकीत घालण्याजोगं नसतं.

पायरी ३ : दगड हाच मुख्य फिल्टर

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून अमोनिया होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्रेट. हे काम दगडाच्या पृष्ठभागावर चालतं. सच्छिद्र दगडाच्या पोटात, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडतात आणि तो पाण्यातून निघून जातो. बायोबॉलवर, म्हणजे जिवाणू वाढायला ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या गोळ्यांवर, पहिला अर्धा भाग उत्तम होतो, हा शेवटचा टप्पा होत नाही. म्हणून बायोबॉलच्या टाक्यांत नायट्रेट चढत जातं.

दगड आणि स्किमर (बुडबुड्यांनी कचरा वर काढणारं यंत्र, पायरी ५) यांच्या जोडीवर चालणारी ही रीत ‘बर्लिन पद्धत’ म्हणून ओळखली जाते. मोनॅकोच्या जाँ जोबेर यांची जाड रेती आणि तिच्याखाली पाण्याची पोकळी ठेवण्याची पद्धतही प्रसिद्ध आहे, आणि १०-१५ सेंटिमीटर बारीक रेतीचा थर ठेवणारेही अनेक आहेत. या दोन्ही रेतीच्या पद्धती घरात पहिल्यांदा टाकी लावणाऱ्याला मी सुचवणार नाही. रेती जिवंत ठेवणारे बारीक किडे आणि जंत आपल्याकडे सहज मिळत नाहीत. थर मेला की तळाशी कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड साचतो, आणि पाणी तापलेलं असताना तो प्रकार फारच वाईट.

आपल्या टाकीला १२ ते १५ किलो कोरडा, सच्छिद्र, रीफसाठी बनवलेला दगड पुरतो. कृत्रिम चालेल. तो आरओ पाण्यात आठवडाभर भिजवून त्या पाण्याचं फॉस्फेट तपासा. जास्त आलं तर पाणी बदलून पुन्हा भिजवा. रचताना भिंतीला टेकलेला ढीग करू नका, मागून पाणी फिरलं पाहिजे. तळाला अ‍ॅरागोनाइट (चुनखडीच्या) रेतीचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर. कन्हानची रेती घर बांधायला नामांकित आहे, पण नदीच्या सिलिकायुक्त रेतीचा इथे उपयोग नाही आणि तिच्यातून काय काय पाण्यात उतरेल याची खात्री देता येत नाही.

कोरड्या दगडावर जिवाणू नसतात. बाटलीतले जिवाणू घाला, किंवा कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला दगडाचा तुकडा मागून आणा. मग अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत न्या आणि रोज तपासा. २ पीपीएम घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी पिकली. साधारण चार ते सहा आठवडे लागतात. यात घाई करण्याची किंमत नागपुरात जास्त पडते. एकतर मासे लांबचा प्रवास करून थकून येतात. दुसरं, पाणी जितकं गरम आणि पीएच जितका चढा, तितका अमोनियातला विषारी भाग वाढतो. टाकी फेब्रुवारीत पिकवायला घेतली तर उत्तम. एप्रिलच्या शेवटी सुरुवात करू नका.

पायरी ४ : पाणी फिरवायचं कशातून

इथे तीन पर्याय समोर येतात, आणि नागपुरापुरता निवाडा मला तरी अवघड वाटत नाही.

कॅनिस्टर बंद डबा असतो. वीज गेली की आतलं पाणी थांबतं, जिवाणू काही तासांत उरलासुरला प्राणवायू संपवतात आणि मरू लागतात. वीज आली की ते कुजलेलं पाणी थेट टाकीत. शिवाय आत अडकलेला कचरा दर आठवड्याला कोणी काढत नाही आणि तो नायट्रेट होत राहतो. आधीच घरात असेल तर त्यात फक्त कार्बन भरून हवा तेव्हा चालवा. नवा घेऊ नका.

काचेला मागून टांगायचा फिल्टर आणि टांगता स्किमर, ही जोडी ७०-८० लिटरच्या छोट्या टाकीला चालते. भाड्याच्या घरात, जिथे काचेला भोक पाडायचं नाही, तिथे ती समजूतदार निवड आहे. पण छोट्या टाकीतलं पाणी दुपारी फार लवकर तापतं, हे लक्षात असू द्या.

तिसरा पर्याय संप, म्हणजे स्टँडच्या आत ठेवलेली दुसरी काचेची टाकी. वरचं पाणी ओव्हरफ्लोमधून (काठाजवळच्या सांडव्यातून) खाली पडतं, गाळलं जातं आणि रिटर्न पंप ते वर पाठवतो. पडताना पाणी हवेशी घुसळतं, पृष्ठभागावरचा तेलकट थर सतत ओढला जातो, हीटर आणि स्किमर नजरेआड राहतात आणि एकूण पाणी वाढल्यामुळे तापमान हळू बदलतं. जागा आणि परवानगी असेल तर संपच घ्या.

ओव्हरफ्लो मात्र काचेला भोक पाडलेलाच. काठावरून सायफनने पाणी ओढणारे टांगते ओव्हरफ्लो वीज गेल्या-आल्यावर कधीतरी सायफन तोडतात. मग पंप वर पाणी चढवत राहतो आणि पाणी दिवाणखान्यात येतं. टाकी बनवून घेतानाच दोन भोकं सांगा, एक नेहमीच्या पाण्यासाठी आणि एक आपत्कालीन.

रिटर्न पंप तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरवेल असा, म्हणजे प्रत्यक्षात ८०० ते १००० लिटर. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. सव्वा मीटर वर चढवताना तो बराच घटतो, म्हणून १५०० ते २००० लिटरचा, वेग कमी-जास्त करता येणारा डीसी पंप बघा. त्याचे वॅट नीट वाचा. पाण्यात बुडालेला पंप खातो ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच पाण्यात उतरते. ४० वॅटचा पंप दिवसभरात जवळपास १ युनिट खातो. ती उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं तर २०० लिटर पाणी दिवसाला ४ अंशांनी तापेल. डिसेंबरात हे फुकटचं हीटर, मे महिन्यात डोकेदुखी. प्रवाळांना लागणारा जोराचा प्रवाह, तासाला २० पट किंवा जास्त, तो टाकीतच बसणाऱ्या वेव्हमेकर पंपाकडून घ्यायचा. रिटर्न पंप मोठा करून नव्हे.

पाणी संपमध्ये पडतं तिथे २०० मायक्रॉनची फिल्टर सॉक, म्हणजे गाळणीची कापडी पिशवी. ती दर तीन-चार दिवसांनी बदलायची, नाहीतर तीच नायट्रेटचा कारखाना होते. चार-पाच नग घेऊन ठेवा. साबणाशिवाय धुवून आपल्या उन्हात कडक वाळवल्या की झालं. रोलर मॅट, म्हणजे गाळणीच्या कापडाचा सरकता रोल, हे काम आपोआप करते, पण तिचा रोल कायम विकत घ्यावा लागतो. जे वारंवार गावाला जातात त्यांनी विचार करावा.

पायरी ५ : स्किमर, आणि त्यात शिरणारी हवा

खाऱ्या पाण्यात अतिशय बारीक बुडबुडे तयार होतात. माशांच्या विष्ठेतली आणि श्लेष्मातली प्रथिनं, चरबी त्या बुडबुड्यांना चिकटून वर चढतात आणि कपात तपकिरी, घाण वासाचं पाणी जमतं. कुजून अमोनिया होण्याआधीच कचरा बाहेर काढणारं हे मुख्य साधन. गोड्या पाण्यात ते चालत नाही, म्हणून गोल्डफिशवाल्या दुकानदाराला त्याचं महत्त्व पटत नाही.

नागपुरात स्किमरला दुसरं काम आहे. २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात प्राणवायू जास्तीत जास्त लिटरला ६.७ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. ३० अंशांना तो ६.२ वर येतो. (गोड्या पाण्यात २५ अंशांना ८ च्या वर असतो.) गरम पाण्यात माशांना आणि जिवाणूंना प्राणवायू जास्त लागतो आणि पाण्यात तो कमी मावतो. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, तेव्हा ही तूट सर्वांत जास्त. उन्हाळ्यात मासे पहाटे दगावलेले दिसतात त्यामागे बहुतेकदा हेच असतं. रात्रंदिवस हवा घुसळणारा स्किमर इथे विम्यासारखा आहे. तो आवाज करतो म्हणून रात्री बंद करणारे भेटतात. त्यांनी तसं करू नये.

निवडताना खोक्यावर लिहिलेल्या लिटरच्या निम्म्यावर विश्वास ठेवा. आपल्या टाकीला ‘४०० लिटरपर्यंत’ लिहिलेला पुरतो. स्किमर संपच्या ज्या कप्प्यात बसेल तिथे पाण्याची पातळी स्थिर हवी. बहुतेक मॉडेलांना १८ ते २२ सेंटिमीटर लागते, तेव्हा संपचे काचेचे आडपडदे स्किमरचं माप घेऊनच बसवून घ्या. नवा स्किमर एक-दोन आठवडे नुसता फसफसतो किंवा काहीच करत नाही. रोज नॉब फिरवत बसू नका.

आता हवेची नळी. स्किमर खोलीतली हवा ओढून पाण्यात कालवतो. त्या खोलीत डासांचं लिक्विड, कॉइल किंवा स्प्रे चालू असेल तर तेही. या कीटकनाशकांतली पायरेथ्रॉइड रसायनं कोळंबी आणि खेकड्यांचा जीव घेतात, माशांनाही घातक. टाकीच्या खोलीत हे सगळं बंद, खिडकीला जाळी. स्किमरची हवेची नळी लांब करून खिडकीबाहेर नेता आली तर फारच छान. एसी लावून दारं-खिडक्या बंद केलेल्या खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच खाली येतो. बाहेरची हवा मिळाली की तोही सुधारतो.

पायरी ६ : शेवाळाकडून काम करून घेणं

स्किमर प्रथिनं काढतो, विरघळलेलं नायट्रेट-फॉस्फेट काढत नाही. त्यासाठी सर्वांत स्वस्त मजूर म्हणजे शेवाळ. संपच्या एका कप्प्यात किटोमॉर्फा, हिरव्या नायलॉनच्या गुंत्यासारखं दिसणारं शेवाळ, ठेवायचं आणि त्यावर १५ वॅटचा एलईडी. हाच रेफ्युजियम. शेवाळ वाढताना नायट्रेट-फॉस्फेट खातं, आणि तुम्ही दर पंधरवड्याला त्यातलं तिसरा हिस्सा काढून फेकलं की ते टाकीबाहेर गेलं. न काढता नुसतं वाढू दिलं तर मधलं शेवाळ कुजून सगळं परत पाण्यात.

त्याचा दिवा वरचा दिवा बंद झाल्यावर, रात्री लावा. वर अंधार असताना खाली प्राणवायू तयार होत राहतो आणि पीएच फार पडत नाही. उन्हाळ्याचा विचार केला तर एवढ्या एका कारणासाठीही रेफ्युजियम वसूल होतं.

दुसरा प्रकार अल्गी टर्फ स्क्रबर, अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर एडी यांनी विकसित केलेला. खरखरीत प्लॅस्टिकच्या जाळीवरून पाण्याचा पातळ पडदा पडतो, त्यावर झगझगीत प्रकाश, आणि उगवलेलं शेवाळ आठवड्याला खरवडून काढायचं. जागा कमी लागते, घरी बनवता येतो. पण शिंतोड्यांनी मीठ सगळीकडे चढतं आणि खरवडणं चुकवून चालत नाही. संपमध्ये जागा असेल तर मी किटोच घेईन.

पायरी ७ : शोषून घेणारी माध्यमं

यात एकच गोष्ट आपल्या टाकीला खरोखर हवी, अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन. मऊ प्रवाळ एकमेकांशी रसायनांनी लढतात. लेदर कोरल टर्पिन सोडतं आणि शेजारची झोअँथिड मिटून बसतात. १०० लिटरला साधारण ५० ग्रॅम कार्बन, आरओ पाण्यात धुवून, जाळीच्या पिशवीत, पाणी त्यातून वाहील अशा जागी. तीन-चार आठवड्यांनी बदलायचा. पाण्याचा पिवळेपणाही त्यानेच जातो.

झोअँथिडचा विषय निघालाच आहे तर सांगून ठेवतो: त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. ती बसलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने किंवा ब्रशने घासू नका. कापाकापी करताना हातमोजे आणि चष्मा.

फॉस्फेट शोषणारं लोखंडी माध्यम, ज्याला जीएफओ म्हणतात, ते फॉस्फेट लागोपाठ दोन-तीन आठवडे ०.१५ च्या वर राहिलं तरच, आणि सांगितलेल्या मात्रेच्या पावपट. पूर्ण मात्रा टाकली की फॉस्फेट एकदम शून्यावर येतं, प्रवाळ फिके पडतात. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेलेल्या टाकीत डायनोफ्लॅजेलेट नावाचा तपकिरी, बुडबुड्यांचा चिकट थर येतो, तो घालवणं साध्या शेवाळापेक्षा कितीतरी अवघड. बायोपेलेट (जिवाणूंचं खाद्य असलेले गोळे) आणि व्होडका किंवा व्हिनेगर घालून जिवाणू वाढवण्याची पद्धत याच कारणाने इथे नको. शिवाय ते जिवाणू प्राणवायू खातात, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात तोच तुटवड्यात. यूव्ही दिव्याने तरंगतं शेवाळ आणि काही परजीवी कमी होतात, पण तो रोजचा फिल्टर नव्हे, आणि त्याचीही उष्णता पाण्यातच. ओझोन घरात आणू नका.

या सगळ्यापेक्षा दर आठवड्याला २० लिटर पाणी बदलणं स्वस्त आणि बिनचूक. नायट्रेट २५ च्या पुढे गेलं तर आधी खाद्य कमी करा, सॉक वेळेवर बदलली का ते बघा, मग पाणी बदलण्याचं प्रमाण वाढवा, मग किटोचा दिवा. नवं यंत्र त्यानंतर.

पायरी ८ : मासे आणण्याआधी मेन स्विच पाडून बघा

पाणी भरून सगळं चालू झालं की मुद्दाम वीज बंद करा. वरच्या टाकीतलं ओव्हरफ्लोच्या पातळीपर्यंतचं पाणी संपमध्ये उतरेल. ते संपमध्ये मावलं पाहिजे. रिटर्नच्या नळीचं तोंड पाण्यात खोल असेल तर तिथूनही उलट सायफन होतो, म्हणून तोंड पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवा. संपमध्ये पाणी जिथवर चढलं त्याच्या खाली, दिवसाची चालू पातळी कुठे हवी तिथे मार्करने रेघ मारा आणि त्यावर कधीही भरू नका. पुन्हा वीज चालू करून स्किमर उतू जातो का तेही पाहून घ्या.

इन्व्हर्टरवर सगळं चालवायची गरज नाही. एक १५ वॅटचा वेव्हमेकर, पृष्ठभाग ढवळेल असा वळवलेला, आणि एक छोटा एअर पंप, एवढं पुरतं. १२ व्होल्ट १५० एएचची बॅटरी चांगल्या अवस्थेत असेल आणि त्यावर दुसरं काही नसेल तर हे १५-२० तास चालावं. अडचण अशी की त्याच इन्व्हर्टरवर घरातले पंखे असतात आणि मे महिन्याच्या रात्री पंख्यांवर कोणी पाणी सोडत नाही. टाकीसाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप वेगळा घेऊन ठेवा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसी मोटरचे पंप घुरघुरतात, तापतात. साइन वेव्ह हवा.

बिलाचा अंदाज: रिटर्न, स्किमर आणि वेव्हमेकर मिळून ६० वॅट अखंड, ८० वॅटचा दिवा ९ तास, रेफ्युजियमचा दिवा १० तास. दिवसाला २.३ युनिट, महिन्याला ७० च्या आसपास. महावितरणचा दर १००, ३०० असे टप्पे ओलांडला की चढतो, तेव्हा तुमचा घरचा वापर आत्ता कुठल्या टप्प्याच्या काठावर आहे ते बिलावर पाहून घ्या. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) यात धरलेला नाही.

पायरी ९ : ऋतूप्रमाणे फेरफार

मार्चपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत पंखाच चिलरचं काम करतो. कोरड्या हवेत संप आणि टाकीवर आडवा वारा सोडला की पाणी तीन-चार अंशांनी उतरतं. मात्र त्याच खोलीत कूलर लावला की हवेत ओल भरते आणि पंख्याचा परिणाम घटतो. कूलर शेजारच्या खोलीत, किंवा खिडकी उघडी ठेवून लावा. या दिवसांत ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारं साधन, लागतंच, कारण पाणी उडालं की ते रिटर्न पंपाच्या कप्प्यात घटतं आणि पंप हवा ओढू लागतो. टॉप-ऑफची टाकी २० लिटरची, आरओ-डीआय पाण्याने भरलेली, त्यात मीठ घालायचं नाही. स्किमरची नळी आणि हवेचं भोक दर आठवड्याला गरम पाण्याने धुवा, कोरड्या हवेत तिथे मीठ लवकर साकळतं.

जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर ३० अंश असले तरी हवा इतकी ओली असते की पंखा काही करत नाही. चिलरची खरी गरज इथे आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात पडते. कितीतरी जण मे पार पडला म्हणून निर्धास्त होतात आणि जुलैत गाफील सापडतात. चिलर घ्यायचा तर सांगितलेल्या मापाहून एक माप मोठा, आणि तो बंद स्टँडच्या आत कोंबू नका. तो उष्णता बाहेर टाकतो, तिला जायला वाट हवी. पाणी २४ ते २७ अंशांत ठेवायचा प्रयत्न करा. २८ ला घाबरायचं कारण नाही. ३० च्या वर गेलं की खाद्य निम्मं करा आणि एअर पंप लावा.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि पंपांची उष्णता पुरत नाही. १०० वॅटचे दोन हीटर ठेवा, एक अडकून चालूच राहिला तरी टाकी शिजणार नाही. ते स्किमरच्या कप्प्यात बसवा, रिटर्नच्या नव्हे. तिथली पातळी वाफेने घटते, हीटर उघडा पडतो, आणि त्यावर पाणी पडलं की काच तडकते.